खोडदच्या दुर्बिणीमागची पोटभाषा

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांच्या वर 45 मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ही रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. एकूण तबकड्या 30, म्हणजे जोड्या 435, आणि प्रत्येक जोडीच्या संकेताचा हिशेब सतत चाललेला. एवढी आकडेमोड कंपाइल केलेल्या प्रोग्रामशिवाय निभत नाही. पण खगोलशास्त्रज्ञाला रोज नवं काही करून बघायचं असतं. दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल कोण करत बसणार? म्हणून मोठ्या भाषेच्या पोटात छोटी भाषा ठेवायची. ही सोय पायथॉनने आणली असं आज अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती पायथॉनहून जुनी आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत 1970 च्या दशकाअखेरीस एआयपीएस हे दुर्बिणीच्या नोंदींवर काम करणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, ते फोरट्रानमध्ये. त्याच्या आत 'पॉप्स' हा इंटरप्रिटर होता. त्याच्या आज्ञांना क्रियापदं आणि आज्ञांना द्यायच्या मूल्यांना क्रियाविशेषणं म्हणत, अशी व्याकरणाची हौस! पुढे सी प्लस प्लसमध्ये एआयपीएस प्लस प्लस आलं. त्या आंतरराष्ट्रीय गटात जीएमआरटीची मंडळीही होती. त्याची पोटभाषा ग्लिश. ती बाहेर फारशी कुणी वापरेना, तेव्हा एआयपीएस प्लस प्लसच्या कासा या नव्या रूपात तिच्या जागी पायथॉन आली.

खरी गंमत दोन भाषांच्या सांध्यावर आहे. सी प्लस प्लसच्या हाती पायथॉनचं ऑब्जेक्ट येतं ते पॉइंटर म्हणून. त्या ऑब्जेक्टच्या आत एक आकडा असतो: आपल्याला किती जणांनी धरून ठेवलंय. धरताना तो एकाने वाढवायचा, सोडताना एकाने कमी करायचा. कमी करायला विसरलात तर मेमरी हळूहळू भरत जाते. एकदा जास्त कमी केलात तर दुसऱ्याच्या हातातलं ऑब्जेक्ट नाहीसं होतं आणि प्रोग्राम कोसळतो, तोही चूक झाली त्या जागी नाही, कुठेतरी भलतीकडेच. बूस्ट पायथॉन आणि नंतरचं पायबाइंड 11 ही मोजणी स्वतः करतात. हाताने करायचा हट्ट आता कुणी धरू नये.

जीएमआरटीच्या नव्या नियंत्रणासाठी निवडलेल्या टँगो प्रणालीचा गाभा सी प्लस प्लसचा. उपकरणाचा कोड पायथॉनमध्ये लिहिला, तर हा गाभाच पायथॉनच्या ऑब्जेक्टला हाक मारतो, आणि त्याआधी त्याला पायथॉनचं कुलूप, जीआयएल, हाती घ्यावं लागतं. ते घेतलं नाही तर प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन धागे (थ्रेड) त्या एकाच आकड्यावर तुटून पडतात.

एआयपीएस मात्र निवृत्त झालं नाही. जीएमआरटीच्या 150 मेगाहर्ट्झ आकाश-सर्वेक्षणाची 2017 मध्ये आलेली यादी, सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची, तयार झाली ती स्पॅम या पायथॉन पाइपलाइनवर. इथे मांडणी उलटी होती: वर पायथॉन, खाली राबणारं तेच जुनं फोरट्रान.

जुन्नर-आंबेगावात संगणक शिकणाऱ्या मुलांनी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला खोडदला जावं, तबकडी पाहून झाली की सॉफ्टवेअरवाल्यांना गाठावं आणि ऑब्जेक्ट किती जणांनी धरलंय हा आकडा कोण सांभाळतं ते विचारावं.