मतपत्रिका कोणी छापायची?

जॉर्ज कॅलेब बिंगहॅम हा मिसुरीतला चित्रकार. स्वतः निवडणुका लढवलेला, त्यामुळे आतून सगळं पाहिलेला. १८५२ साली त्याने काढलेल्या ‘द काउंटी इलेक्शन’ या चित्रात लाल सदऱ्यातला एक मतदार पायऱ्यांच्या टोकाला बायबलवर हात ठेवून शपथ घेतो आहे. मागे कारकून वह्या उघडून बसलेत. डावीकडे सायडरचे पेले भरले जाताहेत, पायऱ्यांवर हॅट उचलून अदबीने चिठ्ठी पुढे करणारा एक इसम आहे आणि ज्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नाही अशा एकाला दुसरा काखेत धरून मतदानाला नेतो आहे. चित्रात शोधूनही सापडणार नाही ती मतपत्रिका. मिसुरीत तेव्हा मत तोंडाने सांगायचं असे. मतदाराने चारचौघांत नाव उच्चारायचं आणि कारकुनाने ते वहीत टिपायचं.

व्हर्जिनियातही हीच रीत. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ साली तिथल्या प्रांतिक सभेवर निवडून आले, तेव्हा ते स्वतः सैन्याच्या कामावर दूर होते; पण त्यांच्या मित्रांनी मतदारांना शंभराहून अधिक गॅलन रम, वाइन, बिअर आणि सायडर पाजून उणीव भरून काढली. उघड मतदानाच्या बाजूने तेव्हाची मंडळी युक्तिवादही करत: आपलं मत सांगायला मर्दाने लाजायचं कशाला? जमीनदारासमोर कुळाला किंवा सावकारासमोर ऋणकोला हे कितपत जमायचं, हा प्रश्न विचारणारे थोडे. केंटकीने तर ही पद्धत १८९१ची नवी राज्यघटना येईपर्यंत सोडली नाही.

न्यू इंग्लंडकडे कागद आधी आला होता, पण तो मतदाराने घरून आणायचा. आपल्या हाताने नावं लिहायची आणि पेटीत टाकायची. पदं वाढली तशी यादी लांबली. राज्यपालापासून काउंटीच्या किरकोळ अधिकाऱ्यापर्यंत पन्नासेक नावं कोण लिहीत बसणार? १८३०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने छापील चिठ्ठी हीसुद्धा लिखित चिठ्ठीच, असा निर्वाळा दिला आणि पक्षांना रान मोकळं झालं. पुढची पन्नास-साठ वर्षं अमेरिकेत मतपत्रिका छापली ती पक्षांनी. सरकारचा संबंध फक्त पेटीशी.

ही ‘तिकिटं’ आज संग्रहालयांत पाहायला मिळतात, आणि खरोखर देखणी आहेत. रंगीत कागद, गरुड, झेंडे, उमेदवाराचं चित्र. पक्षाचा माणूस केंद्राबाहेर उभा राहून ती वाटे. रंग लांबून ओळखू येई, त्यामुळे कोणी काय टाकलं हे पेटीजवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना कळे. मतदाराला एखादं नाव नको असेल तर त्याने ते खोडावं किंवा त्यावर डिंक लावलेली दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवावी. यावर १८७१ साली कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो इथे तोड निघाली. मेअर आयलंडच्या नौदल गोदीतल्या कामगारांच्या हाती जे तिकीट ठेवलं गेलं, ते फितीसारखं अरुंद होतं आणि नावं इतक्या बारीक टायपात एकमेकांना चिकटवून छापलेली, की खोडायलाही जागा नाही आणि लिहायलाही नाही. लोकांनी त्याला नाव दिलं ‘टेपवर्म’, म्हणजे पट्टकृमी. नोकरी सरकारी, तिकीट वरिष्ठांच्या पक्षाचं. नाही कोण म्हणणार?

तरी या तिकिटांची एक बाजू नोंदवायला हवी, कारण सुधारक ती सोयीस्करपणे विसरले. ज्याला अक्षरओळख नाही, जो कालच जहाजातून उतरून नागरिक झाला, त्यालाही मत देता येई. आणि नवा पक्ष काढायचा तर कोणाची परवानगी लागत नसे. छापखाना गाठला की झालं.

उतारा आला तो ऑस्ट्रेलियातून. १८५६ साली व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी कायदे केले: मतपत्रिका सरकार छापेल, तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावं असतील, ती केंद्रातच मिळेल आणि मतदार एकटा, आडोशाला जाऊन खूण करेल. १८७२ साली ब्रिटनने हे उचललं. अमेरिकेत पहिला मान केंटकीतल्या लुइव्हिल शहराचा, १८८८. राज्याच्या तोंडी मतदानाला कंटाळलेल्या शहराने हे करावं यात एक न्याय आहे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने राज्यभरासाठी कायदा केला.

गाडीला जोर लावला तो त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीने. रिपब्लिकन पक्षाचे खजिनदार विल्यम डडली यांच्या नावचं एक पत्र वृत्तपत्रांत छापून आलं. इंडियानातल्या कार्यकर्त्यांना त्यात सल्ला होता: विकाऊ मतदारांचे पाच-पाचांचे गट करा, प्रत्येक गटावर पैशांसकट एक भरवशाचा माणूस नेमा आणि एकही निसटणार नाही याची जबाबदारी त्याच्यावर टाका. डडलींनी पत्र आपलं नसल्याचं सांगितलं. बभ्रा व्हायचा तो झालाच. मत विकत घेणाऱ्याला माल पोचल्याची खात्री लागते आणि आडोशाने नेमकी तीच काढून घेतली. पाच वर्षांत बहुतेक राज्यांनी हा कायदा केला. साउथ कॅरोलायनाला मात्र १९५० उजाडावं लागलं.

आता मतपत्रिका सरकारची झाली, म्हणजे तिच्यावर काय असेल हे विधिमंडळ ठरवणार. आणि विधिमंडळात कोण, तर तेच पक्ष. मला या सगळ्या इतिहासातली कळीची जागा ही वाटते. मॅसॅच्युसेट्सने पदानुसार नावं मांडली, म्हणजे प्रत्येक पदासाठी मतदाराने वेगळा विचार करावा. इंडियानाने १८८९ साली पक्षानुसार रकाने पाडले, वर चिन्ह छापलं आणि एकाच खुणेत सगळा रकाना पक्षाच्या पदरात टाकण्याची सोय ठेवली. जुनं रंगीत तिकीट सरकारी खर्चाने पुन्हा छापलं गेलं, इतकंच.

दक्षिणेत याहून वाईट घडलं. छापील यादी वाचता येत नसेल तर मत बाद, हे तिथल्या राज्यकर्त्यांनी चटकन हेरलं. कालपर्यंत गुलाम असलेल्यांना शिक्षण कायद्यानेच नाकारलेलं होतं. साउथ कॅरोलायनाने १८८२ साली प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी ठेवली होती; पेटीवरचं लेबल वाचता आलं नाही आणि चिठ्ठी भलत्या पेटीत पडली की ती बाद. आर्कान्साने १८९१ साली तेच काम गुप्त मतपत्रिकेकडून करून घेतलं. इथे आपली १९५१-५२ची निवडणूक आठवते. तेव्हाही पेट्या अनेक होत्या, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात लाखोंनी बनलेल्या. पण प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर बैलजोडी किंवा झोपडी यांसारखं चित्र. न वाचणाऱ्याला मत देता यावं म्हणून केलेली योजना आणि देता येऊ नये म्हणून केलेली योजना, दोन्हींत साधन एकच.

छोट्या पक्षांनाही चाप बसला. मतपत्रिकेवर नाव हवं तर सह्या गोळा करा, आणि किती ते राज्य ठरवेल. एकच उमेदवार दोन पक्षांनी उभा करायला बहुतेक राज्यांनी बंदी घातली. घरच्या कागदाची एकच आठवण उरली: नाव हाताने लिहिण्याची रिकामी ओळ. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की पक्षांतर्गत निवडणूक हरल्यावर २०१० मध्ये या ओळीच्या बळावर सिनेटवर निवडून आल्या. त्यांच्या प्रचाराचा मोठा भाग आडनावाचं स्पेलिंग शिकवण्यात गेला. नाव छापलेले मनगटी पट्टे वाटले.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो. १८९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टमध्ये खटक्यांचं यंत्र आलं, १९६०च्या दशकात भोकं पाडायचं कार्ड. या कार्डाचा हिशेब २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात चुकता झाला. पाम बीच काउंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांचा हेतू चांगला होता: तिथे वृद्ध मतदार पुष्कळ, म्हणून टाइप मोठा हवा. नावं एका पानावर मावेनात, तेव्हा ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि भोकं मधोमध आली. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं; गोर यांचं तिसरं. ब्यूकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली, आणि एकोणीस हजारांहून जास्त कार्डं एकापेक्षा अधिक भोकांमुळे बाद झाली. बुश यांनी फ्लोरिडा, आणि त्याबरोबर अध्यक्षपद, जिंकलं ५३७ मतांनी. ते पहिल्या ओळीत का होते? राज्यपालाच्या पक्षाचं नाव आधी, असा फ्लोरिडाचा कायदाच आहे, आणि राज्यपाल त्यांचे धाकटे बंधू होते.

रकान्यांचं भांडण एकविसाव्या शतकातही चालू राहिलं. न्यू जर्सीतल्या २१पैकी १९ काउंट्यांत काउंटीच्या पक्षनेतृत्वाने पसंत केलेले उमेदवार एका ठळक रांगेत येत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात जात. सिनेटचे उमेदवार अँडी किम यांनी याविरुद्ध दाद मागितली. मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ती मांडणी थांबवली आणि पदानुसार, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या धर्तीवर, छपाई करायला सांगितलं. हा आदेश डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीपुरताच होता. त्या जूनमध्ये अनेक काउंट्यांत रिपब्लिकन मतदारांच्या हाती जुन्याच रांगेची मतपत्रिका पडली.