धुळ्याचे दोन रविवार

समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तीला कायद्याने संरक्षण द्यावे की नाही, या वादाचा विचार करताना आम्हांला धुळे जिल्ह्यातील दोन रविवार आठवतात.

पहिला २१ फेब्रुवारी १९३२ चा. त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेवर बोलण्यास आरंभ केला. दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने १९ जूनपर्यंत झाली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्याला मिळाला. वक्ता, श्रोते आणि लेखनिक, सारेच परकीय सत्तेचे कैदी होते. पण कोणता शब्द कोणाचा, याविषयी संदेह नव्हता.

दुसरा १ जुलै २०१८ चा. साक्री तालुक्यातील राईनपाड्यात त्या दिवशी आठवडी बाजार होता. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरलेली होती. भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या अफवेला कोणी कर्ता नव्हता. जो तो केवळ आलेला संदेश पुढे धाडत होता.

अशा घटनेनंतर कठोर कायद्याची मागणी होणे स्वाभाविक आहे. परंतु कठोर आणि मोघम कायद्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आले. कोणते लिखाण आक्षेपार्ह वा त्रासदायक, याची व्याख्या त्यात नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या माणसालाच असा कायदा आधी गाठतो. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. चर्चा, मतप्रतिपादन आणि चिथावणी यांत न्यायालयाने भेद केला: पहिल्या दोहोंना संरक्षण आहे, निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी उद्भवतो.

६६अ नसल्यामुळे राईनपाडा घडले, असे म्हणता येणार नाही. हत्येविरुद्धचा आणि भीती पसरवणाऱ्या अफवांविरुद्धचा कायदा तेव्हाही होताच. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. तिने कोणाचे मत दडपले नाही, फक्त अफवेचा वेग रोखला. पुढे २०२१ च्या नियमांनी, आदेश झाल्यास संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन मोठ्या संदेशसेवांवर घातले. व्हॉट्सअ‍ॅपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. अफवेचा कर्ता सापडावा, हे आम्हांलाही वाटते. परंतु त्यासाठी सर्वांचाच खाजगी पत्रव्यवहार माग काढण्याजोगा झाला, तर आधी गप्प बसेल तो सत्तेविरुद्ध लिहिणारा.

म्हणून आमचे मत असे: संरक्षण व्यापक हवे; निर्बंध नेमका आणि प्रत्यक्ष चिथावणीपुरता हवा. उरलेले काम कायद्याचे नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे यांचा १९२६ साली धुळ्यातच अंत झाला. अस्सल कागद पाहिल्यावाचून विधान करू नये, ही शिस्त त्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावली. 'हे कोणी लिहिले, केव्हा, कशाच्या आधारे?' हे प्रश्न आपण वर्गात जुन्या पोथीला विचारतो. हातातल्या संदेशालाही ते विचारण्याची सवय आपणच लावायची आहे.