निऑन आयशॅडो: १९३३ साली सुरू झालेली गोष्ट

आजचा भाग पापण्यांवरचा आहे. हसू नका, यात एक औषधाचं दुकान आहे, एक महायुद्ध आहे आणि एक कायदा आहे.

कॉलेजच्या फेस्टचा सीझन आला की ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत निऑन रंगांच्या पॅलेट धडाधड विकल्या जातात. पोपटी, भडक गुलाबी, हायलायटर पेनासारखा पिवळा. यातली एखादी पॅलेट उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे 'आयशॅडो' हा शब्दच नसतो, 'प्रेस्ड पिगमेंट' असतं, आणि खाली 'डोळ्यांभोवती वापरू नये'. समोरच्या फोटोत मात्र मॉडेलच्या पापणीवर तोच रंग! हा विनोद झाला कसा, त्याचा हा इतिहास.

आधी नावाचा घोटाळा मिटवू. निऑन वायूचा या रंगांशी काहीही संबंध नाही. पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली निऑनचे दिवे लोकांसमोर आणले, ते तांबूस-नारिंगी उजेडाचे होते. झगमगाटाला 'निऑन' म्हणायची सवय तिथून लागली. पापणीवरच्या रंगाचं खरं नाव फ्लोरोसंट.

आता कॅलिफोर्नियातलं बर्कली, १९३३. बॉब स्विट्झर नावाचा तरुण उन्हाळी नोकरी करताना पडला, डोक्याला जबर मार लागला आणि दृष्टीवर परिणाम झाला. डॉक्टर व्हायचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. त्याला अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. भाऊ जो हौशी जादूगार, त्याला अंधारात चमकणाऱ्या वस्तूंचं वेड. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. दोघांनी अल्ट्राव्हायोलेट दिवा घेऊन त्या दुकानातल्या बाटल्या तपासायला सुरुवात केली: कुठलं रसायन चमकतंय? जे चमकलं ते शेलॅकमध्ये मिसळून रंग बनवला आणि पहिला उपयोग केला जादूच्या प्रयोगात. आम्ही इंजिनिअर ज्याला 'हाताला लागेल ते वापरून प्रोटोटाइप' म्हणतो, तो हाच.

हे रंग सुरुवातीला काळोखात, खास दिव्याखालीच चमकायचे. भावांची खरी कमाई म्हणजे दिवसाउजेडी पेटणारा रंग. त्याचं गणित मला फार आवडतं. साधा नारिंगी रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला नारिंगी भाग परत पाठवतो, बाकीचा गिळतो. फ्लोरोसंट नारिंगी, गिळलेल्या अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशातलाही बराच भाग नारिंगी करून बाहेर टाकतो. त्यामुळे त्याच्यावर जितका नारिंगी प्रकाश पडला त्याहून जास्त बाहेर येऊ शकतो. डोळ्याला तो रंग 'आतून पेटलाय' असं वाटतं ते उगाच नाही. हे साधायला रंगद्रव्य एका रेझिनमध्ये विरघळवून, तो घट्ट गोळा दळून भुकटी करतात. म्हणजे हा मुळात प्लॅस्टिकच्या जातीचा औद्योगिक माल, गालासाठी की पापणीसाठी हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात विमानांना आपलं सैन्य ओळखू यावं म्हणून जमिनीवर या रंगाचे कापडी पट्टे अंथरले गेले. भावांनी क्लीव्हलँडमध्ये कंपनी उभी केली, तीच पुढे डे-ग्लो म्हणून प्रसिद्ध झाली. १९५९ मध्ये टाइड पावडरचा खोका या रंगात आला. मग पोस्टर, ट्रॅफिकचे शंकू, ऐंशीच्या दशकातले कपडे, आणि नव्वदच्या दशकात गोव्यात हणजूणच्या पार्ट्यांमध्ये काळ्या दिव्याखाली रंगवलेले चेहरे. तिथून पापणी कितीशी लांब?

पण त्याच १९३३ साली अमेरिकेत दुसरी एक गोष्ट चालू होती. 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या आणि भुवया काळ्या करायचा रंग पार्लरमध्ये लावला जात होता. त्यात पॅराफिनिलिनडायअमिन हे केसांच्या डायमधलं रसायन होतं. बायकांचे डोळे सुजले, फोड आले, काहींची दृष्टी गेली, एक तरी मृत्यू झाला. आणि सरकारला तो माल बाजारातून उचलता येईना, कारण १९०६ च्या कायद्यात औषधं आणि अन्न होतं, सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. अन्न-औषध खात्याने अशा घातक मालाचं प्रदर्शन भरवलं. पत्रकारांनी त्याला नाव दिलं 'भयदालन'. १९३८ मध्ये नवा कायदा झाला आणि प्रसाधनं त्याच्या कक्षेत आली.

याचा धागा आपल्या घरापर्यंत येतो, बरं का. किराणा दुकानातल्या हेअर डायच्या पाकिटावर 'भुवया व पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते' अशी सूचना असते ना? ती वाचताना मला हटकून त्या पार्लरमधल्या बायका आठवतात.

तर, या दोन गोष्टी पॅलेटवर येऊन भेटतात. अमेरिकेत प्रसाधनांसाठी आठ फ्लोरोसंट रंग मंजूर आहेत. डोळ्यांभोवती? एकही नाही. ओठांना चालणारा फ्लोरोसंट गुलाबीसुद्धा पापणीला चालत नाही. मंजुरी नाही म्हणजे ते विष आहे असा अर्थ होत नाही. डोळ्याजवळ सुरक्षित असल्याचं दाखवून परवानगी मिळवलेली नाही, एवढंच. म्हणून 'प्रेस्ड पिगमेंट'. मला हा शब्द पळवाट वाटतो, आणि महागडे ब्रँडही तो वापरतात, त्यामुळे फक्त स्वस्त मालाला नावं ठेवू नका.

मग कमी पैशांत काय करायचं? आपल्या सावळ्या त्वचेवर निऑन पावडर फिकी पडते, कारण पातळ थरातून गेलेला प्रकाश खालची त्वचाच शोषून घेते. म्हणून आधी पापणीवर पांढऱ्या आय पेन्सिलचा थर द्या. मग साधी भडक मॅट आयशॅडो, डोळ्यांसाठी बनवलेली, बोटाने दाबून लावा, घासू नका. कडेला काळं काजळ ओढलं की शेजारचा रंग दुप्पट उजळ वाटतो. फोटोत फरक कोणाला कळत नाही. फक्त काळ्या दिव्याखाली तो चमकणार नाही.

पॅलेट घ्यायचीच असेल तर मागे भारतात बनवल्याचा परवाना क्रमांक किंवा आयात नोंदणी क्रमांक आहे का बघा. दोन्ही नसतील तर तो माल बेवारस समजा. आणि नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च मिळतो, तो पॅलेटवर मारून बघा, डोळ्यांवर नाही. जो रंग स्वतः उजळतो तो फ्लोरोसंट. तो हाताच्या टॅटूसाठी, कपाळावरच्या नक्षीसाठी ठेवा.