४१ किलोमीटरवरचे जिवाणू

परभणीत उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की प्रश्न पडतोच: वर कुणी असेल का? जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर प्रयोग केला. २० एप्रिल २००५ला हैदराबादहून फुगा सोडला. २० ते ४१ किमी उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरली. एक नळी मात्र मुद्दाम बंदच ठेवली. जंतू जमिनीवरूनच गेले असतील तर ते तिच्यात दिसले असते. हैदराबाद आणि पुण्यात नमुने स्वतंत्रपणे तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या, अतिनील किरणांपुढे चिवट. तरी २००९मध्ये इस्रोने स्पष्ट सांगितलं, त्या पृथ्वीबाहेरच्याच आहेत हे यातून सिद्ध होत नाही.

प्रश्न कितीही मोठा घ्या. तुमची बंद नळी कोणती, ते आधी ठरवा.