गुराबेच्या फळ्या

आम्ही नाचणगावचे. वर्धा जिल्ह्यातल्या या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरी शाळेत शिवाजी महाराजांच्या आरमाराचा धडा आला की आम्ही काही मुले दौलतखानाच्या नावापाशी थांबत असू. 'आपलाही एक होता', एवढेच समाधान! आज ते अपुरे वाटते.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. १६५९ मध्ये तिथे लढाऊ जहाजे बांधली जात होती. मुख्य कारागीर पोर्तुगीज, रुई लेताँव व्हियेगस. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला फोडले आणि सुमारे ३४० माणसे काम सोडून गेली. पण काम थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ च्या बसरूर स्वारीत ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती.

गुराब रुंद बांध्याची, नाळेकडे निमुळती, दोन-तीन डोलकाठ्यांची. तिच्या नाळेवरच्या तोफा समोर मारा करीत. गलबत हलके, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतेच गुराबेला ओढून नेत.

या जहाजांना सागवान लागे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात बजावले आहे की आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्या झाडांना हात लावू नये. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे.

आता शब्द पाहा. गुराब आणि सुकाणू अरबी, नाखवा फारसी, आरमार पोर्तुगीज, वल्हे आपले मराठी. एका जहाजावर इतक्या भाषा सुखाने नांदल्या!

१६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत मराठ्यांकडून मायनाक भंडारी आणि दौलतखान लढले. समोर इंग्रज होते आणि जंजिऱ्याचा सिद्दीही. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. तिथे धर्म नव्हे, चाकरी आणि इमान यांचा हिशेब होता. मग दौलतखानाचे नाव दाखवून आम्ही कुणाकडे निष्ठेचा दाखला का मागावा?

ज्या सुतार-लोहारांनी त्या फळ्या तासल्या, खिळे ठोकले, त्यांतल्या बहुतेकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची जात-जमात आज कोण सांगणार? पण त्यांनी जोडलेल्या फळ्यांतून पाणी आत येत नव्हते, म्हणूनच ते आरमार तरले. इतिहासात आमची जागा आम्ही आता त्या बिननावाच्या माणसांमध्ये शोधतो.