किब्ला बदलला ती पहाट

सन 624 उजाडून फार दिवस झालेले नाहीत. मदिनेच्या दक्षिणेला कुबा नावाची वस्ती आहे. तिथल्या मशिदीत तुम्ही फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाला आला आहात. मिनार-घुमट शोधू नका, ते अजून कुणाच्या ध्यानीमनीही नाहीत.

आधी वजू, म्हणजे नमाजाआधीची शुद्धी. पुढ्यात आलेलं पाणी बघून तुम्ही चरकता. एवढ्यात भागवायचं? भागतं. मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, चेहरा, मग कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला तळवा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. खुद्द पैगंबर मुद्दभर, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्यात वजू करतात. नळ सोडून दात घासणाऱ्यांनी इथे गप्प बसावं.

खांद्याला खांदा लावून रांग धरा. डावीकडे खजुरीच्या बागेतला माळी, उजवीकडे मक्केत घरदार टाकून आलेला मुहाजिर. तोंडं किब्ल्याकडे, म्हणजे नमाजाच्या दिशेला: उत्तरेला, जेरुसलेमकडे. मक्का नेमकी पाठीशी. सोळा-सतरा महिने हे असंच चाललंय. आपल्या गावाकडे पाठ करून रोज उभं राहताना उजवीकडच्या शेजाऱ्याला काय वाटत असेल, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

नमाज चालू असतानाच दारातून हाक येते: रात्री वही, म्हणजे ईश्वरी संदेश उतरला, मक्केतल्या काबाकडे तोंड करण्याची आज्ञा झालीय.

नमाज मोडत नाही. आख्खी जमात जागच्या जागी वळते. इमाम रांगांच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. तुम्ही गोंधळून माळ्याच्या पायावर पाय देता. आपल्याकडे आधी समिती नेमली असती.

तंटा नंतर होतो, तोही बाहेरच्यांशी. आतल्यांचा प्रश्न वेगळाच: जुन्या दिशेला नमाज पढत जे वारले, त्यांचं काय? कुराणाचं उत्तर असं, की त्यांची श्रद्धा वाया जाणार नाही. त्याच सूरेत, म्हणजे अध्यायात, पुढे हेही येतं, की पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करण्यात पुण्य नाही. श्रद्धा हवी, नमाज हवा, आणि अनाथाला, वाटसरूला, मागणाऱ्याला आपलं प्रिय धन देणंही हवं. दिशा काटेकोर पाळायची आणि दिशेवरच थांबायचं नाही. मला या उपासनेतली अवघड बाब हीच वाटते.

दिशेपलीकडचं ते देणं बघायला आता थोडे दिवस पुढे सरका आणि मदिनेत, पैगंबरांच्या मशिदीत या. खजुरीच्या बुंध्यांचे खांब, वर झावळ्या. कालपर्यंत जिच्याकडे तोंड करून सजदे घातले, ती उत्तरेची बाजू आता मागची झाली. तिथल्या सावलीत बेघर मुहाजिर राहतात. जागेचं नाव सुफ्फा. बागाईतदार खजुरांचे घोस आणून मशिदीत टांगतात. भुकेला माणूस काठीने झोडपतो आणि पडतील ते खातो.

मात्र एखादा बेरकी किडके, मोडके घोस लावून जातो. तुम्हीही त्यातलाच एक झोडपून बघा, हाती काही लागत नाही. त्यावरही कुराणाची आयत उतरली: स्वतःला कुणी दिलं तर डोळे मिटूनच घ्याल, असला माल दान म्हणून निवडू नका.