अमळनेरचे मंदिर, धुळ्याचा तुरुंग
सद्गुण सद्गुणासाठीच जपावा की त्यातून काही पदरात पडते म्हणून, हा जुनाच प्रश्न. खानदेशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो दोन जागी विचारला गेला: अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आणि धुळ्याच्या तुरुंगात.

तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांनी काढले. ते गिरणीमालक, म्हणजे कापडाच्या नफ्यावर वेदान्ताचा अभ्यास. तिथे वेदान्ताबरोबर पाश्चात्त्य दर्शनेही शिकवली जात. गिऱ्हाईक टिकावे म्हणून लहान मुलालाही वाजवी भावात माल देणारा दुकानदार बरोबर वागतो, पण त्या वागण्याला नैतिक मोल नाही, असे कांटने १७८५ मध्ये लिहून ठेवले होते. गीतेतला निष्काम कर्माचा विचार त्याच्या जवळचा, तरी तोच नव्हे. दानशूर शेठजींचे नाव पुढे गावातल्या शाळेला आणि कॉलेजलाही लागले. दान आणि कीर्ती यांची अशी सोयरीक खानदेशात कोणाला खटकत नाही.

याच तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ शिकलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ मध्ये अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृह सांभाळू लागले. मुले बाहेर गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, धोतरे धुऊन ठेवत. मुलांना ओशाळे वाटे. हळूहळू ती स्वतःच ही कामे करू लागली. उपदेशाने हे साधले असते असे वाटत नाही.

१९३० मध्ये नोकरी सोडून साने गुरुजी सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा भावेही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने विनोबांनी कैद्यांपुढे दिली. फळ नको म्हणणाऱ्याचे काम ढिले पडेल, हा नेहमीचा आक्षेप. विनोबांनी तो उलटवला: फळावर डोळा असलेल्याचे लक्ष दुभंगते, ज्याला फळाची ओढ नाही तो कामात पुरता रमतो, म्हणून त्याचेच काम चोख होते. कांटला असा हिशेब कदाचित रुचला नसता.

बोलणाऱ्याने कागद हाती धरला नव्हता. प्रत्येक प्रवचन साने गुरुजींनी बसून उतरवून घेतले. त्यातून झालेल्या ‘गीता प्रवचने’ या पुस्तकावर लेखक म्हणून नाव आहे ते विनोबांचे.